बाईच्या कागदावर माही सही

बाई पुडी बांधाच्या आधी कागद वाचे. फुलं टोपलीत, गिऱ्हाईक समोर हात पुढं करून उभं, अन बाई थो रद्दीचा तुकडा डोयाजवळ धरून ओठ हालवत बसली राहे. कोनी म्हने, बाई आटपा, पूजेची येळ चालली, तं बाई म्हने, देव कुठी नाही जात बावा, बातमी जाते, एकदा याच्यात फुलं बांधली का थे तुह्या घरी गेली, मंग मी कोनाले इचारू. चाळिशीत वाचाले शिकली होती थे, अशीच, पुड्याच्या कागदावर, एकएक अक्षर शेजारच्या खोलीतल्या मास्तरीनबाईले इचारून. म्हून तिले जगातल्या सगळ्या बातम्या अर्ध्याच माईत होत्या. भूकंप झाला हे माईत, पन कोन्या गावी थो कोपरा फाटेल.

अशाच एका तुकड्यावर तिले फिनलंड भेटलं. बरफाचा मुलूख हाये म्हने, तिथं लय सालापासून बाया पार्लमेंटात बसतात, मानसाईच्या बाजूले, अन कायदे करतात. किती बाया, थे पुढच्या ओळीत होतं अन पुढची ओळ दुसऱ्या कोनाच्या मोगऱ्यासंगं गेली. तवापासून जो शिकेल मानूस दिसन त्याले बाई इचारे, का हो, फिनलंडात किती बाया बसतात? वकील हासे, पोस्टमास्तर हासे. एकदा टांगेवाल्याले इचारलं तं थो म्हने, माय, मी बडनेऱ्याच्या पुढं कधी गेलो नाही.

मी बाईच्या मळ्यात रायाले आली तवा माही पोरगी पोटात होती अन मी वीस-एकवीसची. माहेर-सासर दोनी पातूरकडचे, शेतीवाले. आमचे हे अमरावतीले एका कापसाच्या जिनिंगात कारकून लागले म्हून आमी शहरात आलो. बाईचा फुलाचा मळा गावाच्या कडीले होता, अन विहिरीजवळ तिनं चार खोल्या काढल्या होत्या भाड्यानं द्याले. नवरा मरून लय वर्ष झाले होते, जमीन तिच्याच नावावर होती, अन नवऱ्याचा एक काळा कोट होता थो थे लुगड्यावर घालून बजारात जाये, उन्हाळ्यातही. लोक हासत. बाई म्हने, याले खिसे हायेत, लुगड्याले कुठी हायेत?

मले तवा सगळ्याचा भेव वाटे. विहिरीचा, मोटेच्या बैलाचा, पोलिसाचा, सासूच्या कारडाचा, रस्त्यानं चालताना कोनी काही इचारन याचा. आताही वाटते, खोटं काहून बोलू, हे लेहून राह्यली तं दाराकडं पाहून पाहूनच लेहून राह्यली, लहान पोट्टं मांडीवर हाये, थे कवा उठन याचा नेम नाही. तिसरी शिकेल मी, चुकलं माकलं समजून घ्याजा.

दर मंगळवारी दुपारी बाई आमची सभा भरवे. चार खोल्याच्या चार बाया, विहिरीच्या पाळीवर. इषय काय, तं मोरी कोन धुईन, धुन्याची पाळी कोनाची, कोंबड्यायनं वाफे उकरले त्याचं काय. पन बोलाचं असन तं उभं राहून बोलाचं. बसून बोललं का बाई आभायाकडं पाहे, जसं काही कोनी बोललंच नाही. एक बोलत असताना दुसरीनं तोंड घातलं तं दोन घागरी पानी ओढाचा दंड. अन मत द्याचं फुलानं, हो असन तं शेवंती, नाही असन तं झेंडू. पहिले आमी उघड्या टोपलीत टाकत होतो, तं बाईनं पाह्यलं का मी बाकीच्याईच्या हातात काय हाये थे पाहूनच टाकतो. पुढच्या मंगळवारी टोपली गेली अन तोंडावर फडकं बांधेल माठ आला, फडक्याले एक भोक. मंग तं मी लयच घाबरली अन दोनी फुलं टाकून मोकळी झाली. बाईनं माठ पालथा केला, चार बायाईचे पाच मतं निंघाले. सगळ्या हासल्या. बाई नाही हासली. मले म्हने, पातूरवाली, एक फूल परत घेऊन जाय, कोन्तं घेतलं थे मी पाहत नाही. अन पाठ करून उभी राह्यली. तिनं पाह्यलं नाही हे मले माईत हाये, कारन मीच तिच्याकडं पाहून राह्यली होती. अन फूल घ्याले मले इतका वखत लागला का मास्तरीनबाई म्हने, अवं, फूल उचलाचं हाये, जावई नाही निवडाचा.

मास्तरीनबाई म्हंजे शेजारच्या खोलीतली, मुलीच्या शाळेत शिकवे, बालविधवा होती. तिचीच काय थे बाईशी बराबरी होती. बाकी आमी तिघी बाईच्या पोरीसारख्या.

पोरगी बाईले एकच होती. धारणीकडं दिली होती, जावई जंगलात नाकेदार. पहिलंच बाळंतपन, दोन दिस झाले तरी सुटका नाही, मंग बैलगाडीत टाकून परतवाड्याकडं निंघाले, घाटाचा रस्ता, पावसानं खंगाळेल. मंधात एक दवाखाना लागला, पन तिथं मानूस डाक्टर होता. सासरचे म्हने, परक्या मानसाचा हात लावू देनार नाही, गाडी हाना. पुढं पाच-सात कोसावर पोरगी गेली, पोटातल्यासंगट. बाई हे सांगे तवा तिचे हात गजरा गुंफतच राहत, सुतात फूल, सुतात फूल, आवाज जसाच्या तसा. एकदाच तिनं मंधात थांबून मले इचारलं होतं, "त्या डाक्टरचं काय चुकलं, सांग? थो तं उभा राह्यला असन ना हात धुवून."

माह्यं बाळंतपन मळ्यातल्याच खोलीत झालं, दिवाळीच्या मांगं. बाईनं दोन दिस आधीपासून टांगा दारात आनून ठेवला होता, लेडी डाक्टरच्या दवाखान्यात न्या लागलं तं. न्या नाही लागलं. टांगेवाला दोन दिस जेवला, घोडा बाईची शेवंती जेवला, अन सुईन बाहेर येऊन म्हने, पोरगी झाली, बाई, तं बाई कोट घालून तशीच विहिरीवर जाऊन बसली अन लय येळ उठली नाही.

त्याच्यापुढच्या सालची गोष्ट. मास्तरीनबाई शाळेतून अख्खं वर्तमानपत्र घेऊन आली, न फाटेल. सरकारनं कायदा बदलला, नागपूरले जी असेंब्ली भरते तिच्यात बायाईसाठी थोड्या वेगळ्या जागा ठेवल्या, अन त्यातली एक आमच्या अमरावती-अकोल्याकडची. बाईनं थो कागद तीन येळा वाचला. त्या दिशी बजारात गेली नाही. सांजच्याले सगळ्यायले विहिरीवर बलावलं अन उभी राहून म्हने, मी उभी राहून राह्यली.

आमाले वाटलं बोलाले उभी राह्यली. मास्तरीनबाईले पहिले समजलं. थे म्हने, बाई, तिथं वकिलाच्या बायका जातीन, इंग्रजी बोलनाऱ्या. तुमी काय बोलसान?

"मले तिथं एकच गोष्ट बोलाची हाये," बाई म्हने. "धारणीच्या रस्त्यावर बाळंतपनाले बाई डाक्टर पाह्यजे. इतकं बोलतो अन वापस येतो. फुलायले पानी कोन देईन?"

उमेदवारीचा कागद भराले दोन मतदाराईच्या सह्या लागत, एक सूचक अन एक अनुमोदक. सूचक मास्तरीनबाई झाली. दुसरीसाठी बाई अर्धी अमरावती फिरली, कोट घालून, दुपारच्या उन्हात, कोनाची सासू आडवी, कोनाचा नवरा आडवा, कोनी म्हने बाई आमी तुमच्याचकडून फुलं घेऊ, पन हे नोको. अन एक दिशी माह्या खोलीच्या दारात येऊन बसली. आमचं शेत होतं म्हून आमच्या यायले मत होतं, अन यायच्या पाठी मलेही, त्या सालच्या कायद्यानं. यादीत माह्यं नाव होतं. यादीवाला घरी आला तवा मी चुलीजवळ होती, यायनंच त्याले नाव सांगतलं होतं.

हे पहिले हासले. म्हने, दे ना सही, म्हातारीले कोन निवडून देते.

तिसरीतून काढल्यावर मी टाक हातात धरला नव्हता. माहेरी कारड लेहाचं तं हेच लेहत. त्या दिशी बाईनं पाटावर कागद ठेवला, दौत ठेवली, पोरगी माह्या कडेवर होती थे तिनं घेतली, अन मी लेहलं. लय मजा वाटली, कशी सांगू, हात इसरला नव्हता. पाटीवर गिरवेल अक्षर तसंच्या तसं उतरलं. बाई म्हने, मोत्यासारखं हाये वं. मास्तरीनबाईनं यादीतला नंबर लेहला, कागद घडी करून कोटाच्या खिशात गेला.

अन मी लेहलं होतं माहेरचं नाव. बापाच्या नावासंगट, जसं शाळेत लेहत होती. मले दुसरं लेहताच येत नव्हतं. लग्नात परातीतल्या तांदळावर अंगठीनं जे नाव काढतात थे यायनं काढलं होतं, मी घुंगटातून पाह्यलं होतं. सासरी सगळे त्या नावानं बलावत, पन थे मी जल्मात कधी लेहलं नव्हतं. यादीत थेच होतं. बाईले माहे दोनी नाव माईत नव्हते, मळ्यात मी पातूरवाली होती. मास्तरीनबाईनं यायच्या नावावरून नंबर पाह्यला, माह्यं नाव पाह्यलं नाही. अन मी, माह्या ध्यानात आलं का नाही आलं? सही करून चुलीकडं गेली तवा आलं होतं. पन आता बोललं तं कागद खराब केला म्हून सगळे कावतीन, म्हून मी बोलली नाही. वाटलं, कोन पाह्यते.

तीन दिसानं कचेरीत कागद तपासाचे होते. आदल्या सांजी हे घरी आले अन जेवलेच नाही. जिनाच्या शेठनं बलावलं होतं. शेठच्या वळखीच्या वकीलसायबाची बायको त्या जागेले उभी होती. शेठ काही वाईट बोलला नाही म्हने, चहा देल्ला, अन इतकंच म्हनला का त्या माळनीच्या कागदावर तुमच्या घरची सही हाये म्हनतात. सकाळी हे डब्बा घेताना मले म्हने, झालं थे झालं, यापुढं कुठी जाजो नोको, कोनी बलावलं तं तू घरात नाही. मी मान हालवली. यायच्या हातानं डब्ब्याचं झाकन लागे ना.

दुपारी दोनच्या आसपास टांगा वाजला. मी दाराले आतून कडी घातली अन दाराच्या मांगंच बसली, पोरीले अंगावर घेतलं, थे रडू नये म्हून.

बाई अंगनातून बोलतच आली. तिनं सगळं सांगतलं, दारातूनच. कचेरीतल्या सायबानं कागदावरचं नाव पाह्यलं, यादीतलं पाह्यलं, म्हने हे दोन वेगळ्या बाया हायेत. बाई म्हने एकच हाये, माह्याच मळ्यात रायते. सायब बेकार नव्हता. थो म्हनला, मंग तिले चार वाजेपर्यंत घेऊन या, तिनं माह्यासमोर म्हनलं पाह्यजे का मी अमक्याची बायको अन दोनी नाव माहेच, बस, मी कागद धरतो. नाही तं रद्द.

"चाल पोरी," बाई म्हने. "टांगा उभा हाये."

बाईनं दार ढकललं अन तिले समजलं का कडी आतून हाये. बाहेरून कुलूप असतं तं घरात नाही म्हनता आलं असतं. मंग उंबऱ्यावर बसल्याचा आवाज आला, कोट दाराले घासला.

"तू आत हायेस," थे म्हने. "मी दार वाजवत नाही, लेकरू झोपलं असन. आयक. तुले नवऱ्याचं नाव घ्याची लाज वाटत असन तं नोको घेऊ. सायब यादीतून वाचन, तू नुसतं हो म्हनजो."

पोरगी दूध पीत होती.

"बरं, बोलू बी नोको. मान हालवली तरी चालन, मी सायबाले सांगतो का पोरगी लाजते."

टांगेवाला तिकून म्हने, माय, तीन होऊन राह्यले.

"बरं, मंग असं कर," बाई म्हने, अन आता तिचा आवाज माह्या कानाशीच होता, मंधात फक्त लाकूड. "इथूनच हो म्हन. मी जाऊन सांगतो का म्या माह्या कानानं आयकलं. मानते का नाही थे सायबच जाने. पन मले तं खरं बोलता येईन."

मी पदर तोंडात धरला. हो म्हनाचं होतं, दोन अक्षरंही नाही, एकच. मले यायचा हात दिसे, झाकन न लागनारा. जिनातून काढलं तं पातूरले वापस, सासूच्या हाताखाली. अन मले हेही माईत होतं का बाई कोन्या गोष्टीसाठी उंबऱ्यावर बसली हाये, धारणीचा रस्ता मले माईत होता, थे गाडी मले माईत होती, मी स्वता बाळंत झाली होती वं, मले सगळं समजत होतं. समजूनही मी बोलली नाही. न समजून नाही बोलली असती तं आज हे लेहाची पाळी आली नसती.

किती येळ गेला. मंग कोट घासला, बाई उठली, टांगा गेला.

कागद रद्द झाला. मळ्यात बाईनं सगळ्यायले सांगतलं का पातूरवाली बिचारी घरीच नव्हती, देवीले गेली होती. मास्तरीनबाईनं माह्याकडं पाह्यलं अन मान फिरवली, माह्याशी थे पुन्हा कधी बोलली नाही. वकीलसायबाची बायको निवडून आली, चांगली बाई होती म्हनतात, धारणीचा रस्ता तिनं पाह्यला होता का नाही मले माईत नाही. दोन महिन्यानं शेठनं यायले अकोल्याच्या जिनात वरच्या जागेवर पाठवलं अन आमी अमरावती सोडली.

इथं अकोल्यात माह्यं दुसरं लेकरू दवाखान्यात झालं, लेडी डाक्टरच्या हातानं. भरती होताना तिनं कागद घेतला अन मले नाव इचारलं. मी यायच्याकडं पाह्यलं, यायनं सांगतलं. मंग मी भिताडाकडं तोंड करून लय रडली, डाक्टरीनबाईले वाटलं कळा येऊन राह्यल्या.

गेल्या आठवड्यात अमरावतीकडच्या एका जिनवाल्यानं यायले सांगतलं का बाई गेली. चार दिस ताप होता, बस. मळा पुतन्यायनं घेतला, खोल्या पाडून राह्यले. हे जेवता जेवता बोलले अन मंग माह्याकडं पाहून घास तसाच ठेवला. तवापासून माह्यानं रायवत नाही, म्हून हे लेहून राह्यली.

एक गोष्ट कोनालेच सांगतली नाही. कागद रद्द झाला त्याच्या तिसऱ्या दिशी सकाळी हे कामावर गेल्यावर बाई माह्या खोलीत आली. मी तिचे पाय धरले. तिनं मले उठवलं, म्हने रडू नोको, तुह्यं बी घर हाये. पोरीले मांडीवर घेतलं. थोडी येळ बसली. मंग म्हने, मले एक पाह्यजे, देशीन?

मी मान हालवली.

"तिथं आली असतीस तं सायबासमोर काय म्हनली असतीस? थे आता म्हन. इथं सायब नाही, शेठ नाही, कोनी नाही. मले निस्तं आयकाचं हाये."

मी ओठ उघडले, पहिलं अक्षर आलं, वाटलं आता येईन. बाई कान माह्या तोंडाजवळ आनून बसली होती, डोये मिटून, जसं काही मी लय दुरून बोलनार होती. तशीच बसली राह्यली. बाहेर मोटेचं पानी पाटात पडलं, वाफे भरले, अन आमी दोघी तशाच.

मंग तिनं डोये उघडले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला अन थे मले देल्ली.

"हिचं नाव बदलू देजो नोको वं," बाई म्हने. "लगनात कोनी कितीही म्हनलं तरी."

मी हो म्हनली. मनात म्हनली का तोंडानं, थे मले आता आठवत नाही.